टाकीपाशी दोन हात

लालबागच्या चाळीत आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून होती. खोलीत माणसं दोन, मी आणि माझे वडील, आणि मासे एकोणीस. आई जाऊन चार वर्षं झाली होती. वडिलांना मी आबा म्हणत असे. मी बावीस वर्षांची होते, शाळेत मास्तरीण होते, आणि कुणी मला 'हे व्हायचं नाही' म्हटलं की ते करून दाखवल्याशिवाय मला अन्न गोड लागत नसे. हा स्वभाव चांगला की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या वर्षी मात्र त्याची गरज पडली.

आबांनी गिरणीत कार्डिंग खात्यात वीसेक वर्षं काढली होती. तिथे कापूस पिंजला जातो आणि त्याची धूळ दिवसभर हवेत तरंगत असते. ती धूळ त्यांच्या छातीत जाऊन बसली. जिना चढताना ते तीनदा थांबू लागले, आणि मग एक दिवस कामावरून कायमचे घरी आले. उभं आयुष्य पायावर काढलेला माणूस खाटेवर बसून भिंतीकडे बघत राही. मला ते बघवत नसे. शेवटी एका रविवारी मी त्यांना समुद्राकाठचं मत्स्यालय दाखवायला नेलं. तिथे ते एका काचेसमोर इतका वेळ उभे राहिले की पहारेकरी दोनदा येऊन बघून गेला. पुढच्याच आठवड्यात ते क्रॉफर्ड मार्केटातून काचेच्या बरणीत दोन गुरामी मासे घेऊन आले. दोन वर्षांत आमच्या खोलीत तीन टाक्या झाल्या. दोन लहान टाक्या फळीवर होत्या आणि तीन फुटांची मोठी टाकी मोरीच्या भिंतीला लागून मेजावर होती. लोखंडी पट्ट्यांची चौकट आणि पुट्टीने बसवलेल्या काचा, असं सगळं आबांनी स्वतः उभं राहून करून घेतलं होतं.

चाळीला हे काही केल्या पचेना. कोकणातल्या माणसाच्या घरात मासा, आणि तोही जिवंत! शेजारच्या मावशी रोज विचारायच्या, "आज कालवणाक कुठचो काढतास?" आबा हसायचे आणि पुन्हा काचेला डोळे लावायचे. सगळ्यांत जुना गुरामी त्यांच्या खास लाडाचा. आबांनी पाण्यात बोट बुडवलं की तो येऊन आपल्या लांब मिशा त्या बोटाला लावून बघायचा. आबा तेवढा वेळ खोकला सुद्धा दाबून धरायचे.

या छंदात ते ठेचा खात शिकले. सुरुवातीला त्यांनी आमच्या तांब्याच्या हंड्यातलं पाणी टाकीत घातलं होतं, तर दोन दिवसांत टाकीतल्या गोगलगायी मेल्या आणि मग गप्पी मासेही गेले. तेव्हापासून हंडा फक्त आमच्यासाठी आणि माशांसाठी मातीचा माठ, अशी वाटणी झाली. "तांब्याचा नि मासळीचा जमणा नाय," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. नळाचं ताजं पाणीही चालत नसे, कारण त्यात औषध असतं. ते दिवसभर माठात शिळं करून मगच टाकीत जायचं.

आता भिंतीचं. मोरीच्या भिंतीला इतकी ओल होती की टाकीच्या मागे काळी बुरशी चढली होती. बाकीच्या भिंतींचे पोपडे सुटून अंथरुणावर पडत. आबांचा खोकला त्या उन्हाळ्यात असा वाढला की दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घरी येऊन खोली पाहिली. भिंतीवरून बोट फिरवून ते मला दाखवलं आणि म्हणाले, "औषध देऊन मी काय करू? रोज हे छातीत जातंय. पावसाआधी भिंती साफ करून घ्या. जमत नसेल तर यांना गावाला पाठवा."

गावाला कोण होतं? एक बंद घर आणि त्याच्या किल्लीवर हक्क सांगणारे दोन भाऊबंद. डॉक्टर गाठायचा तर अर्धा दिवस बैलगाडी. आबांना गावाला पाठवणं म्हणजे त्यांना मरायला पाठवणं होतं आणि ते आम्हा दोघांनाही कळत होतं. मी त्याच संध्याकाळी जाहीर केलं की खोलीला चुन्याचा रंग काढायचा.

आबांनी टाकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "काढूचो तर काढ. पण एक जरी मासो मेलो, तर मी बोटीन गावाक जातलंय. परत येवचंय नाय."

"एकही मरणार नाही," मी म्हटलं.

"शब्द दी."

मी शब्द दिला. मला आबांचा रागही आला होता. तीन टाक्यांपायी माणूस आपल्या जिवावर उदार होतो म्हणजे काय! पण शब्द दिल्यावर राग बाजूला ठेवला आणि कामाला लागले.

आधी रंग ठरवला. तेलाचा रंग नको, त्यातल्या टर्पेंटाइनच्या वासाने माणसालाच भोवळ येते, मग पाण्यावर येऊन श्वास घेणाऱ्या माशाचं काय होणार? चुना बरा, पण तो विरवायचा बाहेर गॅलरीत, कारण विरताना तो उकळतो आणि शिंतोडे उडतात. भिंत कोरडी खरवडायची नाही, आधी पाणी मारून ओली करायची, म्हणजे धूळ उडणार नाही. टाक्यांवर आईची जुनी लुगडी ओली करून टाकायची, पण थेट नव्हे. बांबूच्या कामट्यांची कमान करून तिच्यावर टाकायची, म्हणजे खाली हवा खेळती राहील. लहान टाक्या माठात मासे काढून शेजारी हलवता येतील. मोठी टाकी भरलेली हलवली तर पुट्टीला तडा जाणार, म्हणून तिच्या मागची आणि बाजूची भिंत पहिल्या दिवशी सोडूनच द्यायची. बाकीची खोली वाळली की रविवारी मी स्वतः समोर उभी राहून टाकी अर्धी उपसणार, ती सरकवणार, आणि मग तो भाग करून घेणार. मी हे सगळं वहीत लिहून काढलं होतं. आबांनी ते वाचलं आणि काही चूक निघत नाही म्हणून जरा खट्टू झाले.

रंगारीही मीच शोधला. ते बाजूच्या चाळीत तळमजल्यावर राहत, दुसऱ्या एका गिरणीत रिंग खात्यात, सूत कातायच्या साच्यांवर, होते आणि पाळी संपल्यावर चुन्याची कामं घेत. त्यांच्या घराने नुकताच बुद्धाचा धम्म घेतला होता. ओळख झाली ती मात्र वेगळ्याच कारणाने. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. पहाटे उठून भिंतींवर चुन्याने आणि गेरूने घोषणा लिहिणारे जे हात होते, त्यांत त्यांचाही हात होता. आमच्या शाळेच्या वाटेवरच्या भिंतीवर त्यांनी 'संयुक्त'मधला 'यु' दीर्घ काढला होता. मी रस्त्यात थांबून, चालू असलेलं लिहिणं अडवून, ती चूक दाखवली. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, बाई, तुम्हाला मुंबई हवी आहे की ऱ्हस्व-दीर्घ? त्यांनी कुंचला बुडवला, शब्द पुसला आणि पुन्हा लिहिला. "महाराष्ट्र मिळवायचा तर नीटच लिहून मिळवू, बाई," असं वर म्हणाले. असा माणूस माझ्या कामाला बरोबर आहे, हे मी तिथेच ठरवलं.

त्यांची त्या आठवड्यात रात्रपाळी होती, म्हणजे दिवस मोकळा. शनिवारी सकाळी ते बालद्या आणि कुंचले घेऊन आले. माझी शाळा होती, पण निघण्यापूर्वी मी लहान टाक्यांतले मासे माठात घालून शेजारी मावशींकडे नेले. पाठोपाठ आबांनाही त्यांच्या खोलीत खुर्ची टाकून बसवलं. मोठ्या टाकीवर कामट्या बांधल्या, लुगडं टाकलं. रंगारीदादांना भिंत ओली करण्याचं, खरवडण्याचं, गॅलरीतल्या चुन्याचं सगळं सांगितलं. ते मान डोलवत होते. घड्याळ पाहिलं तर उशीर झालेला. मी पर्स उचलली आणि जिना उतरता उतरता वर तोंड करून ओरडले, "आणि दादा, टाकीपाशी दोन हात! विसरू नका!"

"दोन हात, बाई. बरोब्बर!" वरून उत्तर आलं.

मला म्हणायचं होतं, टाकीपासून दोन हात भिंत सोडा. हातभर, दोन हात, असं आम्ही लांबी मोजायला म्हणत असू. ज्याचं आयुष्य भिंतींवर गेलं त्याच्या भाषेत हात म्हणजे चुन्याचा लेप. पहिला हात, दुसरा हात. ओल जास्त असेल तिथे दोन हात मारायचे. मी शाळेत अपुऱ्या वाक्याला अर्धा गुण कापत असे. त्या दिवशी माझंच वाक्य अपुरं राहिलं आणि दुसऱ्याच्या ऱ्हस्व-दीर्घावर बोट ठेवणाऱ्या मला ते घरी परत येईपर्यंत कळलं नाही.

दहा-साडेदहाला काळाचौकीकडून घोषणा ऐकू येऊ लागल्या. दुकानांच्या फळ्या लागायला लागल्या. कुठेतरी पोलिसांशी काही झालं होतं, नक्की काय ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि हेडमास्तरांनी मुलांना घरी सोडून दिलं. मी माझ्या वर्गातल्या लांबच्या मुलांना घरोघर पोचवून चालतच परत आले, तेव्हा एक वाजून गेला होता. रस्ता माणसांनी भरला होता. एरवी मी थांबले असते, दोन घोषणा दिल्याही असत्या. पण भिंत कशी झाली ते बघायची घाई होती. ती घाई झाली नसती तर पुढचं सगळंच हातातून गेलं असतं.

खोली पांढरी शुभ्र झाली होती. खरं सांगायचं तर दारात पाऊल टाकताच मला आनंद झाला. दादा दारापाशी बसून कुंचले धूत होते. "बघा बाई," ते म्हणाले, "तुम्ही सांगितलं तसं. टाकीपाशी खास दोन हात मारले. सगळी बुरशी गायब."

मी टाकीकडे पाहिलं. मागची भिंत छतापासून, टाकीमागच्या फटीतही कुंचला घालून, मेजापर्यंत पांढरी केली होती, आणि तो पांढरा इतर भिंतींपेक्षा जरा हिरवट-निळा होता.

"दादा, हा वेगळा का दिसतोय?"

"मोरचूद घातलाय ना त्या बालदीत. ओलीला, बुरशीला, ढेकणाला, सगळ्याला अक्सीर. तो वेगळा खर्च धरत नाही मी, तुमच्या वडिलांसाठी घातला."

चाळीत ढेकणांचं राज्य, म्हणून चुन्यात मोरचूद घालायची रीत घरोघर होती, आणि मोरचूद म्हणजे तांबंच. मला वहीत टर्पेंटाइन सुचलं, धूळ सुचली, पुट्टी सुचली, आणि हेच लिहायचं राहिलं. मी लुगडं ओढून काढलं. मागच्या काचेच्या कडेवरून निळसर ओघळ आत उतरले होते. काचेला चिकटलेल्या गोगलगायी सुटून तळाशी पडल्या होत्या. मासे सगळे पाण्याच्या वर तोंड काढून होते आणि मोठा गुरामी एका कुशीवर कलला होता.

मी दादांवर ओरडले. काय ओरडले ते सांगत नाही, कारण त्यातलं काहीच त्यांच्या वाट्याचं नव्हतं. ते उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "तुम्ही दोन हात म्हणालात, बाई." आणि मला माझं वाक्य ऐकू आलं, जिन्यावरून ओरडलेलं, जसंच्या तसं. मग म्हटलं, "चूक माझी. आता मला हात द्या."

पाणी बदलायचं होतं, सगळंच्या सगळं. मासे आधी लोणच्याच्या धुतलेल्या बरणीत आणि घरात उरलेल्या शिळ्या पाण्याच्या माठात काढले. मावशींकडच्या माठात अगोदरच गर्दी होती. मग रबरी नळी तोंडाने ओढून टाकी मोरीत उपसायला लावली. चुना-मोरचुदाचं पाणी तोंडात आलं, जीभ भाजली, थुंकले आणि पुन्हा ओढलं. पण नवं पाणी आणायचं कुठून? नळ संध्याकाळपर्यंत कोरडा. आणि आला तरी ताजं पाणी चालणार नाही, शिळंच हवं. आमच्या घरचा शिळ्या पाण्याचा माठ तर मासे ठेवण्यातच गेलेला. कमीत कमी बारा बालद्या लागणार होत्या.

मी मजल्यावर दारोदार फिरले. पुरुष मोर्च्याला गेलेले, घरांत बायका होत्या. दुपारचं पाणी कुणी कुणाला सहज देत नसे, तरी कुणी नाही म्हटलं नाही. अडचण वेगळीच निघाली. प्रत्येक घरात पाणी हंड्या-घागरीत, तांब्याच्या नाहीतर पितळेच्या. चिंच लावून लखलखीत घासलेल्या. मी प्रत्येक दारात विचारायची, "कशात ठेवलंय?" आणि उत्तर ऐकून मागे फिरायची. मावशींनी आपला देवापुढचा हंडा उचलून आणला होता. मी नको म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"आमच्या हंड्याक काय झाला गो? देवाचा पाणी भरतंय मी त्यात!"

"मावशी, तांब्याने मासे मरतात."

"आणि माणसा जगतत? तू तर आज आमकाच विषारी ठरवलंस," असं म्हणून त्या हंडा घेऊन आत गेल्या आणि पुढचे दोन आठवडे माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांच्याच खोलीत पलीकडे आबा बसलेले होते. सकाळच्या औषधाने त्यांना झोप लागली होती, हे माझं नशीब.

मी परत आले तेव्हा दादा आमच्या दारात उभे होते. ते जरा थांबून म्हणाले, "आमच्या घरी मातीचे दोन रांजण आहेत. कालचं भरलेलं पाणी आहे. तांबं-पितळ आमच्याकडे नाहीच." मग खाली बघून विचारलं, "चालेल?"

त्या 'चालेल'मध्ये दोन प्रश्न होते आणि दोन्ही मला कळले. पहिला तांब्याचा होता. दुसरा त्यांनी आयुष्यभर प्रत्येक दारात विचारलेला किंवा न विचारताच गिळलेला. आमच्या चाळीत त्यांच्या घरचं पाणी कुणी प्यालेलं मी पाहिलं नव्हतं. माझ्या घरातही नाही.

"चालेल काय विचारता? चला, मीही येते," मी म्हटलं.

मग चुन्याच्या बालद्या बाजूला ठेवून आम्ही तिघांनी त्यांच्या घरच्या लोखंडी बालद्यांनी पाणी वाहिलं. दादा, त्यांची बायको आणि मी. बाजूच्या चाळीतून निघायचं, रस्ता ओलांडायचा, आमचे दोन जिने चढायचे. रस्त्यावर मोर्च्यातून परतणारी माणसं होती. त्यांतल्या कुणी दादांना ओळखून हाक मारली, "काय रे, आज कुठली भिंत?" दादा म्हणाले, "आज माशांची." रांजण रिकामे झाले तेव्हा त्यांच्या बायकोने घरात प्यायला एक तांब्याभर पाणीही उरलं नाही असं हसत सांगितलं. मग स्वतःच म्हणाल्या, "तांब्याभर म्हणजे मापाने हो, बाई, तांब्याचा नाही." मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. त्या घरातून आमच्या घरात माणसांसाठी कधी घोटभर पाणी आलं नव्हतं. ते पहिल्यांदा आलं ते माशांसाठी. याची मला त्या दिवशी लाज वाटली आणि आजही वाटते.

टाकी धुतली, पुसली, आत पाणी भरलं. पाठीमागच्या काचेला मेणकापड लावलं, म्हणजे भिंतीचं काही उतरायला नको. एकेक करून मासे आत सोडले. गप्पी लगेच पळाले. एंजल माशांची जोडी कोपऱ्यात जाऊन उभी राहिली आणि थोड्या वेळाने तिचे कल्ले नीट हलू लागले. मोठा गुरामी हलला नाही. मी त्याला तळहातावर धरून पाण्यात पुढे-मागे फिरवत राहिले, हात गार पडेपर्यंत. त्याच्या मिशा माझ्या मनगटाला लागत होत्या, पण त्या पाण्याने हलत होत्या, त्याने नव्हे.

दादा म्हणाले, "बाई, त्यांना आत्ताच सांगू नका. सोमवारी बाजार उघडला की मी असाच एक आणून देतो. म्हाताऱ्या माणसाला काय कळणार?"

खरं सांगते, मी विचार केला. दोन दिवसांचा प्रश्न होता. मासा झाडामागे लपला असेल असं सांगता आलं असतं. दुसरीकडे बोट होती, गाव होतं, बंद घर होतं, पुढचा पावसाळा होता. खोटं बोलून माझा बाप वाचत असेल तर मी शंभरदा खोटं बोलले असते. पण दुसऱ्या माशाने त्यांच्या बोटाला मिशा लावल्या नाहीत म्हणजे त्यांना कळणारच होतं. आणि ज्या माणसाला मी आयुष्यात एकदाही फसवलं नव्हतं, त्याला नेमकं त्याच्या सगळ्यांत लाडक्या गोष्टीत फसवायचं, हे मला जमेना. मी मासा वाटीत ठेवला, वर थोडं पाणी घातलं आणि मावशींच्या खोलीत गेले.

आबा जागे झाले होते. त्यांनी माझ्या साडीवरचे चुन्याचे डाग पाहिले, मग वाटी पाहिली. ती हातात घेतली. मी सगळं सांगितलं, दोन हातांचं, मोरचुदाचं, हंड्यांचं, रांजणांचं. चूक माझी, असंही सांगितलं. अठरा जिवंत आहेत, असंही सांगितलं.

त्यांनी वाटीत बोट घातलं आणि माशाला हळूच सरळ केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माका वाटलेला, असाच कायतरी होईत. खरा सांगू? एक तरी मरात आणि मी जाईन, असाच माझ्या मनात होता."

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"दोनदा तुझ्या लग्नाचा बोलणा इला. दोनदा तू परत धाडलंस. ह्या एका खोलीत मी खोकत पडलेलो, तू खंय जातलंस? उगाच जातंय म्हटला तर तू जावक दिलंस नसतंस. म्हणान तुझ्याकडसून शब्द घेतलो. तू शब्दाक पक्की, माका म्हायत हा." त्यांनी बोटाने वाटीतला मासा दाखवला. "पण हो जायत, असा माका वाटूक नव्हता. हो नको होतो जावक."

मावशी चुलीपाशी पाठ करून बसल्या होत्या. त्या अबोल्यात होत्या तरी त्यांचे हात थांबलेले मला दिसले. माझं डोकं मात्र फिरलं. एवढे दिवस मी वह्या भरत होते, कामट्या बांधत होते, तोंडाने विष ओढत होते, आणि हे गृहस्थ मनात बोटीवर जाऊन बसलेले! माझ्यावर उपकार म्हणून मरायला निघालेले! शाळेतली माझी भाषा कुठल्या कुठे गेली.

"मी माझो शब्द मोडलंय," मी ओरडले. सगळ्या मजल्याला ऐकू गेलं असणार. "एकय मासो मरूचो नाय म्हटलेलंय, मेलो. मोडलो शब्द! आता तुमी तुमचो मोडा. खंयच्याय बोटीन तुमी जावचास नाय. माका लग्न करूचा असला तर मी ह्या खोलयेत करीन, तुमच्या खोकल्यासकट. ज्याका चलात तो येयत, नाय चलात तो रवात आपल्या घराक!"

बोलता बोलता मला रडू आलं, आणि रडताना बोलायची मला सवय नव्हती, म्हणून मी जास्तच जोरात बोलले. आबा माझ्याकडे बघत होते. मी गिरणगावात वाढलेली मुलगी, आजूबाजूला रोज कुणीतरी काहीतरी मागत होतं, मुठी आवळून मागत होतं. मी त्या दिवसापर्यंत स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. ते मागणं एवढंच होतं.

आबांनी वाटी माझ्या हातात दिली. दाराची चौकट धरून उठले. दोन्ही खोल्यांमधलं अंतर दहा पावलं नव्हतं, पण ते मध्ये एकदा थांबले. आमच्या दारात दादा आणि त्यांची बायको अजून उभी होती. रिकाम्या बालद्या घेऊन, जावं की थांबावं अशा अवघडलेल्या अवस्थेत. आबांनी त्यांच्याकडे पाहून हात जोडले. मग आत जाऊन त्यांनी सगळ्या भिंती पाहिल्या, टाकी पाहिली, तिच्यामागचा तो निळसर पट्टा पाहिला. नखाने जरासा खरवडला.

"हो सगळो काढूक होयो," ते म्हणाले. "पावसात ओल येतली नि परत पाण्यात उतारतलो." मग दादांकडे वळून विचारलं, "उद्या येशात? टाकी हलवची लागतली. मी सांगतंय कशी ती."